वेळासची पाहुण्यांची घरे

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सावित्री नदी बाणकोटपाशी समुद्राला मिळते. तिथून थोडे दक्षिणेला, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात, मंडणगड तालुक्यातले वेळास हे गाव आहे. इतिहासाच्या वाचकांना ते नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून माहीत असते. गेल्या दोन दशकांत मात्र त्याची ओळख बदलली आहे. फेब्रुवारी ते मे या काळात मुंबई-पुण्याहून आणि त्याहूनही लांबून माणसे इथे येतात, एक-दोन रात्री राहतात आणि परततात. त्यांचा मुक्काम गावातल्या राहत्या घरांत असतो. ओटीवर, माजघरात किंवा माडीवर गाद्या पडतात आणि घरच्या स्वयंपाकघरात सगळ्यांचे एकत्र रांधले जाते. कोकण किनाऱ्यावर अशी व्यवस्था आता अनेक ठिकाणी आहे, पण वेळासमध्ये ती जशी रुजली आणि ज्या कारणाने रुजली, ते मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे.

कारण कासवांचे आहे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले सापडली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी इथे अंडी घालायला येते, ती बहुधा एकेकटी. ओडिशातल्या गहिरमाथ्याला एकाच वेळी हजारो माद्या किनाऱ्यावर येतात, तसा प्रकार कोकणात नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कधीतरी रात्री एखादी मादी वर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीड-दोन फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि मागे वळून न पाहता समुद्रात जाते. वाळूवर तिच्या येण्या-जाण्याचा माग तेवढा उरतो. हा माग कोल्ह्या-कुत्र्यांना कळे आणि माणसांनाही कळे. अंडी काढून खाणे किंवा विकणे ही किनाऱ्यावरची जुनी सवय होती. समुद्री कासवाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण आहे, तरी रात्रीच्या किनाऱ्यावर कायदा उभा नसतो.

संस्थेने गावातल्याच तरुणांना कामाला लावले. पहाटे माग शोधायचा, अंडी जपून उचलायची आणि किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीच्या खड्ड्यात ती पुन्हा पुरायची. पिल्ले बाहेर यायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. वाळू उबदार असेल तर माद्या जास्त निपजतात, थंड असेल तर नर. काम चालू लागले, पण पैशांचा प्रश्न राहिला. ज्याला अंड्यांतून चार पैसे मिळत होते त्याला ती राखण्यात काय मिळणार, या प्रश्नाला निसर्गप्रेमाचे भाषण पुरे पडत नाही. त्यातून २००६ च्या सुमारास कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्रात सोडताना लोकांनी यावे, पाहावे, आणि येणाऱ्यांनी गावातल्या घरांत राहावे-जेवावे, अशी ती कल्पना होती. घरट्यातली अंडी विकली की पैसे एकदाच हाती येतात. तीच अंडी राखली तर दरवर्षी पाहुणे येतात, आणि तो पैसा सगळा एका हॉटेलवाल्याकडे न जाता घराघरांत वाटला जातो. घरी मुक्काम देण्याची वेळासची पद्धत या हिशेबावर उभी आहे, आणि हा हिशेब फार शहाणपणाचा होता असेच म्हटले पाहिजे. पुढे कासवांचे काम वनविभाग आणि गावातल्या कासवमित्रांकडे आले, घरांची व्यवस्था गावकऱ्यांच्या हाती होती ती तशीच राहिली.

ही घरे पाहुण्यांसाठी बांधलेली नाहीत, हे इथे येणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर उतरते कौलारू छप्पर, पुढे अंगण, अंगणाला लागून पडवी आणि ओटी, आत माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि मागच्या दाराने परसू, अशी जुन्या घराची ठेवण असते. परसात विहीर, न्हाणीघर, गोठा किंवा आता गोठ्याची रिकामी जागा, आणि पलीकडे नारळी-पोफळीची वाडी. भिंती जाड आणि छप्पर उंच असल्याने मार्चच्या दुपारीही ओटीवर बरे वाटते. पूर्वी दहा-बारा माणसे नांदत होती ती घरे आता बरीचशी रिकामी असतात. मुले मुंबईला, पुण्याला नोकरीला. गणपतीला आणि शिमग्याला घर भरते, एरवी दोन-तीन म्हातारी माणसे आणि एखादा शेती-वाडी पाहणारा मुलगा. माणसांना पुरून उरणारी ही मोकळी जागाच पाहुण्यांना देण्यासारखी होती. बहुतेकांनी त्यात फार थोडी भर घातली. एखादे-दुसरे पाश्चात्त्य पद्धतीचे संडास, जास्तीच्या गाद्या-चादरी, मच्छरदाण्या, मोठी भांडी.

त्यामुळे एका कुटुंबाला एक स्वतंत्र खोली मिळेलच असे नाही. बायका माजघरात, पुरुष ओटीवर, कधी दोन अनोळखी कुटुंबे एकाच माडीवर, असा मुक्काम असतो. सकाळी न्हाणीघरासमोर रांग लागते. चुलीवर किंवा बंबात तापलेले पाणी बादलीने मिळते, आणि ते बादलीनेच वापरायचे असते, कारण उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागतो आणि वाडीच्या शिंपणालाही तेच पाणी लागते. शहरातल्या माणसाला सुरुवातीला हे अडचणीचे वाटते. ज्याला दार लावून घेऊन राहायचे आहे त्याने अशा घरी न उतरलेलेच बरे. त्यात कुणाचा दोष नाही, पण घराच्या माणसांनी आपली राहणी पाहुण्यासाठी मोडावी ही अपेक्षा चुकीची आहे.

या मुक्कामाचा खरा कणा म्हणजे जेवण. दर माणशी ठरतो, आणि त्यात दोन्ही वेळचे जेवण, सकाळची न्याहारी, चहा आणि झोपण्याची सोय धरलेली असते. आधी फोन करून यावे लागते, आणि फोनवर पहिला प्रश्न येतो तो माणसे किती हा. वाटेत जेवणार की घरी येऊन, रात्री किती वाजता पोचणार, लहान मुले किती, हे त्यामागोमाग. जवळ दुकाने थोडी, मंडणगडचा बाजार दूर, त्यामुळे भाजी, दूध, पीठ यांचा अंदाज आदल्या दिवशी बांधावा लागतो. ठरवून आयत्या वेळी न आलेला पाहुणा म्हणजे वाया गेलेले अन्न, आणि न ठरवता जास्त आलेली चार माणसे म्हणजे घरच्या बाईच्या ताटातली कपात. ही गोष्ट पाहुण्यांना दिसत नाही म्हणून सांगायला हवी.

वेळासच्या घरांत पाहुण्यांना मिळते ते जेवण शाकाहारी, आणि ऋतूला धरून असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर निघतात, त्यांची नारळाच्या रसातली उसळ होते. फणसाची कोवळी कुयरी याच दिवसांत भाजीला येते. कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, कैरीचे ताजे लोणचे, आमसुलाचे सार किंवा सोलकढी, भातावर आमटी आणि घरचे तूप. न्याहारीला ओल्या खोबऱ्याचे पोहे, घावन किंवा आंबोळ्या. पंगत ओटीवर बसते, वाढायला घरातली माणसे असतात आणि आग्रह होतो.

सगळ्यांत मान उकडीच्या मोदकांना. पंचवीस-तीस पाहुण्यांसाठी मोदक करायचे म्हणजे घराची दुपार त्यातच जाते. नारळ आधीच खोवून ठेवलेले असतात. खोबरे आणि गूळ मंद आचेवर एकत्र करून सारण शिजवतात, ओलसर राहील इतपतच, आणि खाली उतरवताना त्यात वेलची-जायफळ पडते. दुसरीकडे पाण्याला आधण येते, त्यात मीठ आणि चमचाभर तूप घालून तांदळाची पिठी वैरतात, उलथण्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेवतात आणि वाफ आणतात. ही उकड गरम असतानाच मळावी लागते. हाताला तेल-पाणी लावून, चटके सोसत, ती लोण्यासारखी मऊ होईपर्यंत. मग तिची पारी हातावर फिरवत पातळ करायची, कडेला चिमटीने एकेक कळी पाडायची, मधे सारण भरून सगळ्या कळ्या वर आणून टोक मिटवायचे. कळ्या जितक्या जास्त आणि जवळ, तितका मोदक देखणा आणि पारी तितकी पातळ. केळीच्या पानावर मांडून वाफवलेले मोदक ताटात येतात तेव्हा वरून तूप घालण्यासाठी टोक मोडतात. पीठ वाढवून आयत्या वेळी पुरवता येईल असा हा पदार्थ नाही, म्हणून मोजणी इथे फार महत्त्वाची. हे काम एकटीचे नसते. शेजारणी, जावा, गावातल्या गरजू बाया मदतीला येतात आणि त्यांनाही मजुरी मिळते. पाहुण्यांचा पैसा गावात पसरतो तो असा.

एकूण पाहता या व्यवसायाचा भार बायकांवर आहे. फोन पुरुष घेत असतील, पैसे त्यांच्या हाती जात असतील, पण पहाटे चारला उठून चूल पेटवणारी आणि रात्री शेवटचे भांडे घासणारी बाई असते. ज्या घरांत हिशेबही तिच्याकडे आहे तिथली व्यवस्था जास्त नेटकी असते, आणि ते स्वाभाविकच आहे. २०२३ साली राज्य सरकारने ‘आई’ या नावाने महिलाकेंद्रित पर्यटन धोरण आणले. त्यात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या महिलेने घेतलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याज परत मिळण्याची सोय आहे. पण कर्जाला कागद लागतात. कोकणातली घरे बहुधा सामाईक, सातबारावर पाच-सात जणांची नावे, त्यातली अर्धी मुंबईत. घर चालवणाऱ्या सुनेचे नाव त्यात कुठेच नसते. धोरण खऱ्या अर्थाने पोचायचे असेल तर ही गाठ आधी सोडवायला हवी.

पाहुण्यांचा दिवस कासवांच्या वेळेवर चालतो. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी सोडली जातात, म्हणून सकाळी सहा-साडेसहाला चहा घेऊन सगळे किनाऱ्याकडे निघतात. किनारा घरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कुंपणाच्या आत प्रत्येक घरट्यावर एक टोपली पालथी घातलेली असते आणि शेजारी अंडी कधी पुरली आणि किती, याची पाटी. कासवमित्र एकेक टोपली उचलतात. खाली वाळू खचलेली असेल तर पिल्ले वर आली आहेत असे समजते. जेमतेम दोन बोटे लांबीची, काळपट करडी पिल्ले वाळूने माखलेली असतात. ती पाण्यात नेऊन टाकत नाहीत. लाटेपासून काही अंतरावर वाळूत सोडतात आणि चालत जाऊ देतात, कारण याच चालण्यातून त्यांना आपल्या किनाऱ्याची खूण पटते आणि मोठ्या झालेल्या माद्या त्याच भागात अंडी घालायला परत येतात असे मानले जाते. पाहणाऱ्यांनी दोरीच्या मागे उभे राहायचे, फ्लॅश वापरायचा नाही, पिल्लांना हात लावायचा नाही. हजारातले एखादेच पिल्लू मोठे होते, तेव्हा इथे पायाखाली एकही जाता कामा नये. माद्या पुढे किती लांब जातात हे शोधण्याचे कामही याच किनाऱ्यावर झाले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालून परत निघालेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संकेत पाठवणारे यंत्र बसवले गेले. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले होते.

कधी कधी टोपल्या उचलल्या जातात आणि एकाही घरट्यात हालचाल नसते. तशी हमी कुणीच देत नाही. अशा वेळी पाहुणे नाराज होऊन घरी येतात, आणि त्यांची समजूत काढणे घरच्यांच्या वाट्याला येते. संध्याकाळी पुन्हा जा, नाहीतर अजून एक दिवस राहा, असे सांगितले जाते. मधल्या वेळात बाणकोटचा किल्ला, खाडी, गावातली देवळे पाहून होतात, किंवा नुसते वाडीत बसून वेळ जातो.

घरच्यांना काका-काकू, वहिनी, आजी अशी नाती पहिल्या तासाभरात लागतात आणि घरचे लोकही ‘मंडळी’ म्हणून हाक मारतात. ही जवळीक खरी असते, पण तिची मर्यादा पाळली तरच ती टिकते. देवघर, स्वयंपाकघर या घराच्या खासगी जागा आहेत, विचारल्याशिवाय तिकडे जायचे नाही. दारूला या घरांत थारा नाही. रात्री दहाला गाव झोपते, त्यानंतर अंगणात गाणी-गोंगाट चालत नाही. प्लास्टिकच्या बाटल्या परत घेऊन जाव्यात असे सांगतात, कारण गावाकडे कचरा नेण्याची गाडी नसते, तो जाळावा किंवा पुरावा लागतो. सकाळच्या पहिल्या फेरीआधी किनाऱ्यावर विजेऱ्या नाचवत जाणे हा तर सरळ अपराध समजावा. वर आलेली मादी उजेड आणि वर्दळ पाहून अंडी न घालता परत फिरते.

या सगळ्या व्यवस्थेची परीक्षा २०२० मध्ये झाली. मार्चअखेर टाळेबंदीने हंगाम मध्येच तुटला. त्यानंतर ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर धडकले आणि त्याचा तडाखा मंडणगड-दापोलीच्या किनारपट्टीलाही बसला. कौले उडाली, छपरे बसली, वाडीतले माड आणि पोफळी आडवे झाले. नव्याने लावलेली पोफळ किंवा माड उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षे तरी घेतो. त्या मधल्या वर्षांत ज्या घरांना पाहुण्यांचे उत्पन्न होते त्यांना थोडा आधार मिळाला. एरवी वरखर्चाला पुरणारी ही मिळकत अनेक घरांचे मुख्य उत्पन्न झाली. वादळाने एक धोकाही दाखवला. छप्पर पुन्हा घालताना कौलांऐवजी पत्रा सोपा आणि स्वस्त पडतो, आणि पत्र्याखाली एप्रिलमध्ये ओटीवर बसवत नाही.

दक्षिणेला सिंधुदुर्गात चित्र बरेच वेगळे आहे. १९९७ साली हा जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर तिथे वर्दळ वाढली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना तारकर्ली, देवबाग, मालवण या पट्ट्यात चांगली फोफावली. मालकाच्या कुटुंबाने तिथेच राहायचे आणि मोजक्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, हा तिचा गाभा. तिथल्या मासेमार गाबितांच्या घरी ताटात सुरमई, बांगडा, तिसऱ्या येतात आणि सकाळी किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढताना पाहायला मिळते. कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर घर आणि लाट यांत फार अंतर नाही. पण यश तिथे घरांना भारी पडू लागले आहे. परसात चार वातानुकूलित खोल्या, मग वर मजला, मग घरचे माणूस वेगळे राहायला आणि स्वयंपाकाला पगारी आचारी, या वाटेने अनेक घरांचे लॉज झाले. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने स्थानिकांना घरगुती निवासाची मुभा देताना जोत्याचे क्षेत्र, घराची रचना आणि दर्शनी भाग बदलू नये अशी अट घातली आहे. ती अट नुसत्या पर्यावरणाच्या सोयीची नाही. घर घरासारखे राहिले तरच त्यात पाहुणा होऊन राहता येते.

वेळासला पोचायला दोन वाटा आहेत. मुंबई-गोवा महामार्गाने महाडपर्यंत येऊन मंडणगडमार्गे, किंवा श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडून बागमांडल्याला येऊन फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरून. दुसरी वाट लांबची पण सुंदर आहे, आणि मोटारही बोटीत चढते. एसटीने येणाऱ्याने मंडणगडहून पुढच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्यावी. मोबाइलची रेंज सगळीकडे सारखी नाही, म्हणून रोख पैसे जवळ असलेले बरे. निघताना बहुतेक घरी कोकम, आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचे पीठ विकायला असते. ते तिथून घेतले तर पूर्ण पैसा घरात राहतो.

मे महिन्यात शेवटची घरटी उकलली की महोत्सव संपतो. चाकरमानी आंब्यासाठी घरी आलेले असतात, गाद्या उन्हात टाकल्या जातात, कौले चाळून पावसाची तयारी होते आणि जूनपासून घरची माणसे भाताच्या कामाला लागतात. पुढच्या हंगामाची विचारणा साधारण डिसेंबरमध्ये, पहिल्या घरट्यांची बातमी आली की सुरू होते.